निरंक

२८ ऑक्टोबर २००६

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. नोकरीत होतो तोवर रोजच लिहीत होतो, कोणती गाडी कधी लागली, कोणती रद्द झाली. एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाल्यावर लिहिण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आता एक गाडी हाती आली आहे. ती उमरखेडच्या फलाटाला कधीच लागायची नाही, पण तिची नोंद ठेवावीशी वाटते.

झालं असं की दीपाची मेल आली. दीपा माझी एकुलती एक मुलगी, समुद्राचा अभ्यास करते. पैनगंगेच्या पुरापलीकडे आमच्या गावानं पाणी पाहिलेलं नाही, त्यामुळे लोकांना ते अजून पचलेलं नाही. ‘पोरगी काय करते?’ असं कुणी विचारलं की मी ‘सरकारी काम’ म्हणून मोकळा होतो. सध्या ती केर्गेलेन नावाच्या फ्रेंच बेटावर आहे. वस्ती नाही, झाड नाही, नुसता वारा, असं ते बेट. तिथं किनाऱ्यावर हत्तीसील नावाचं धूड येतं. त्यातल्या माद्यांना गुंगी देऊन त्यांच्या डोक्यावरच्या केसांना एक यंत्र चिकटवायचं. मादी समुद्रात बुडी मारते तेव्हा खालचं पाणी किती गरम, किती खारट, हे यंत्र टिपतं. ती श्वास घ्यायला वर आली की तेवढ्या वेळात आकाशातल्या उपग्रहाला सगळं कळवतं. जिथं जहाज जात नाही तिथं ही बाई जाते, आणि फुकटात. केस झडायच्या दिवसांत यंत्र आपोआप पडतं, तिला दुखत नाही, असं दीपा म्हणते.

परवा दीपानं स्वतःच्या हातानं पहिलं यंत्र चिकटवलं. त्या मादीचा मार्ग ती मला नकाशावर पाठवत जाणार आहे. मी नकाशा पाहिला. बेट आमच्या जवळजवळ सरळ खाली आहे, आणि तिथलं घड्याळ आमच्यापेक्षा अर्धाच तास मागं. अर्ध्या तासाला आम्ही एसटीत उशीर म्हणत नाही.

मादीला मी नाव दिलं, मुक्कामी. संध्याकाळी खेड्यात जाऊन थांबणाऱ्या आणि सकाळी परत येणाऱ्या गाडीला आम्ही मुक्कामी म्हणतो. दीपा बहुतेक हसली असेल.

३ नोव्हेंबर

देवसिंगला नवा मोबाइल मिळाल्यापासून माझ्या जिवाला घोर. देवसिंग म्हणजे माझ्या वेळचा ड्रायव्हर, फुलसावंगीचा. रोज सकाळी माझ्या घरच्या फोनची एकच घंटी वाजते आणि बंद होते. मीही त्याला एक घंटी देऊन ठेवून द्यायचं, असा त्याचा हुकूम आहे. मिस्ड कॉलला पैसे पडत नाहीत म्हणे. मी विचारलं, “कायले रे हे?” तर म्हणाला, “साहेब, मोबाइल चालू हाये का नाई ते पाहून राह्यलो.” रोज? माणूस म्हातारपणी पोरकट होतो ते खरं.

९ नोव्हेंबर

मेलसाठी मी शोभाताईंच्या दुकानात जातो. पूर्वी त्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं, आता तिथंच नेट कॅफे आहे. भारनियमनात वीज असेल त्या वेळात जावं लागतं. मी सांगतो, त्या इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतात. माझा मजकूर ठरलेला आहे. तब्येत ठीक. जेवण वेळेवर. बाकी निरंक.

निरंक शब्दाला शोभाताई हसल्या. त्यांना सांगितलं, सरकारी कागदात कळवण्यासारखं काही नसलं तरी रकाना कोरा सोडायचा नसतो, निरंक लिहायचं. बत्तीस वर्षांची सवय आहे, जात नाही.

माझ्या दोन ओळी संपल्यावरही त्या बराच वेळ खटाखट टाइप करत होत्या. माझ्या चुका दुरुस्त करत असाव्यात. टायपिंगवाल्या बाईचं ते अंगातच मुरलेलं असतं.

१७ नोव्हेंबर

शेजारच्या रामीबाईचा मला कंटाळा आला आहे. देवसिंगच्या नात्यातली, तांड्यावरून इथं राहायला आलेली. दुपारी भाजीची वाटी घेऊन येते आणि सरळ स्वयंपाकघरात शिरून पातेल्याचं झाकण उघडते.

“भाऊ, हे कालचं वरण हाये.”

“मग? चांगलं आहे.”

“परवाचं हाये, भाऊ.”

परवाचं होतं. पण तिला काय करायचं आहे? माझी बायको कौसल्या असताना ही बाई उंबऱ्याच्या आत आली नव्हती. वाटी परत मिळावी म्हणून येत असेल, म्हणून मी वाटी लगेच धुऊन देतो. तरी दुसऱ्या दिवशी हजर.

२६ नोव्हेंबर

मुक्कामी पार दक्षिणेला गेली आहे, बर्फ सुरू होतो तिथवर. दीपानं लिहिलं आहे की ती दिवसातला बहुतेक वेळ पाण्याखाली असते, वर येते ती दोन-तीन मिनिटं. तिच्या एका बुडीत खाली गरम पाण्याचा पट्टा सापडला. त्या भागात आजवर कुणी मोजलंच नव्हतं. दीपाच्या साहेबांनी जेवणाच्या टेबलावर तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या म्हणे. तिचा आनंद ओळीओळीत दिसत होता. मला छाती फुगल्यासारखं झालं आणि सांगायला घरी कुणी नव्हतं. बाहेर येऊन रामीबाईला सांगितलं. ती म्हणाली, “इतक्या थंड पाण्यात बिचारी एकटीच फिरून राह्यली का?”

मी म्हणालो, ती जनावर आहे, तिला सवय असते.

६ डिसेंबर

विहारात जाऊन आलो. यंदा ऑक्टोबरात धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवाला नागपूरला गेलो नाही, गर्दीचं कारण सांगितलं. आज मात्र गेलो. दरवर्षी कौसल्या पांढरं पातळ नेसायची आणि मेणबत्त्या तिच्या पिशवीत असायच्या. मी मेणबत्ती न घेताच पोचलो. कुणीतरी दिली.

कौसल्या जाऊन दीड वर्ष झालं. दीपा आणि मी तिच्याबद्दल बोलत नाही. मी विषय काढला तर दीपाला तिकडे त्रास होईल, म्हणून मी काढत नाही. तीही काढत नाही, तेव्हा तिला जड जात नसावं. तरुण माणसं सावरतात.

शोभाताईंना सांगितलं, कार्यक्रम छान झाला, बाकी निरंक.

१९ डिसेंबर

मुक्कामीचा पत्ता नाही. गेला आठवडा एकही संदेश नाही. दीपा लिहिते, यंत्राची तार मोडली असेल, बॅटरी गेली असेल, कधी व्हेल मासे सीलला खातातही. असं होतं म्हणे.

होतं म्हणजे काय? गाडी वेळेवर आली नाही तर मी पुढच्या स्थानकाला फोन लावायचो, तिथं नाही तर त्याच्या पुढच्या. कुठंतरी कुणीतरी सांगायचं, पाहिली, पंक्चर आहे. इथं विचारायचं कुणाला? नुसतं पाणी.

२७ डिसेंबर

शोभाताईंकडे गेलो नाही. नकाशात पाहण्यासारखं काही नाही. अंगात कणकण आहे. गावात कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्यात, चौकात वाहिन्यांच्या मोटारी उभ्या आहेत. ही माणसं माइक पुढे करून विचारतात, तुमच्या गावात किती शेतकरी गेले. मी मान खाली घालून घरी आलो.

३१ डिसेंबर

आजच्या प्रकाराची शरम वाटते, पण लिहितो.

काल ताप चढला. गोळी घेतली, कडी लावली, गोधडी ओढून पडलो. सकाळी फोनची घंटी ऐकली असं वाटतं, उठवलं नाही. किती वेळ गेला कळलं नाही. धाडकन आवाज झाला आणि कडी कोयंड्यासकट खाली पडली. आत अर्धी गल्ली. पुढे रामीबाई, मागे देवसिंग. तो फुलसावंगीहून मिळेल त्या ट्रकनं आला होता, धापा टाकत होता.

मी गंजिफ्रॉकात. रामीबाई सरळ माझ्यावर वाकली आणि माझ्या तोंडाचा वास घेतला. मग देवसिंगकडे पाहून म्हणाली, “नाई, काही नाई. तापच हाये.” तिथंच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. एकजण पलंगाखाली फवारणीच्या औषधाची बाटली शोधत होता.

आमच्याकडे ही वर्षं अशी आहेत. दार लागलेलं दिसलं की लोक आधी वाईटच धरतात. पण माझं शेत नाही, मला पेन्शन आहे! मी देवसिंगवर ओरडलो, “मी काय कास्तकार हाव का? कडी काहून तोडली?”

तो म्हणाला, “घंटी आली नाई, साहेब.”

एका घंटीसाठी दार मोडतात. त्यानं संध्याकाळपर्यंत नवी कडी बसवली आणि शेवटच्या गाडीनं गेला.

१४ जानेवारी २००७

दीपाचा फोन आला. नेहमी मेलच असते, फोन उपग्रहावरचा, महाग. बोलणं उशिरा पोचतं, म्हणून आपलं बोलून थांबावं लागतं.

आधी मुक्कामीचं विचारलं. बाकीच्या माद्या केस झाडायला किनाऱ्यावर यायला लागल्या, ती आली नाही. मग दीपा म्हणाली, “बाबा, मार्चच्या जहाजानं मी परत येते. कायमची.”

माझ्या मनात उकळ्या फुटल्या. खोटं कशाला लिहू? ती कुठं झोपेल, तिच्या खोलीतलं कपाट रिकामं करावं लागेल, हे सगळं त्या क्षणात मनात येऊन गेलं. तरी विचारलं, काम?

काम असं आहे. फेब्रुवारीत नवी यंत्रं लावायची. माद्या हिवाळाभर बर्फाखाली जातील आणि ऑक्टोबरात परततील. तेव्हा यंत्रं काढून घ्यायला जो हिवाळाभर बेटावर थांबेल, त्याचं ते काम. जागा एकच, आणि ती दीपाला मिळाली आहे. यासाठी ती किती वर्षं धडपडली हे मला माहीत आहे. आली तर जागा दुसऱ्याला जाईल आणि पुन्हा मिळायची नाही.

मी म्हणालो, “बेटा, मले काहीच झालं नाई. मी ठीक हाव. तू राह्य.”

मग ती म्हणाली, “बाबा, तुम्ही रोज ठीकच असता. ज्या यंत्रातून रोज एकच आकडा येते ना, त्याले आम्ही बिघडलेलं धरतो. समुद्राचं पाणीसुद्धा रोज सारखं नसते. मी तुमच्या मेलवर विश्वास ठेवून इथं वर्षभर राहू कशी?”

मी विचारलं, मी ठीक नाही हे तुला कुणी सांगितलं? तेवढ्यात फोन कटला. उत्तर राहिलंच.

१५ जानेवारी

उत्तर रामीबाईनं दिलं. मी तिला फक्त विचारलं, “मले ताप आलता हे दीपाले कसं कळलं?” तिचा चेहराच सांगत होता.

“भाऊ, रागवू नका. जायच्या आधी तिनंच सांगतलं होतं. देवसिंगनं सकाळी घंटी द्याची, मी पातेलं पाह्याचं, अन् शोभाताईनं तिले लिहून धाडाचं.”

म्हणजे मिस्ड कॉल, वरण, ती खटाखट, सगळंच. सगळ्या गावानं मिळून माझ्या डोक्यावर यंत्र चिकटवलं आणि मला गुंगीसुद्धा दिली नाही. दाढी केली नव्हती, दोनदा एकच सदरा घातला, हे सगळं त्या बेटावर पोचलेलं आहे. तिथं तिनं त्याची आलेखावर रेघही काढली असेल.

२० जानेवारी

शोभाताईंकडे जात नाही. देवसिंगची घंटी वाजते, मी उलट देत नाही. उद्या परत कडी तोडू दे.

२१ जानेवारी

दिली घंटी. कडी नवी आहे.

४ फेब्रुवारी

दीपाचं कपाट आवरलं. तिची शाळेची वही, जुना कंगवा. बाजारातून तिला आवडते तशी मिरची आणली आणि ठेचा करून पाहिला. कौसल्यासारखा झाला नाही, पण दोन घास जास्त गेले. दीपा गेल्यापासून प्रथमच घरात चहाला दोन कप काढले, तेही उगाच, मांडून पाहायला. ती येणार या विचारानं मला इतकं बरं वाटतंय की लाज वाटते.

आणि दुसरीकडे तिच्या त्या टाळ्या आठवतात.

जहाजावर कोण जाणार ही नावं पुढच्या आठवड्यात पक्की होतात.

८ फेब्रुवारी

देवसिंग आला होता. दोघं बस स्थानकावर जाऊन बसलो. आता तिथला कंट्रोलर पोरगेला आहे, आम्हाला ओळखत नाही. मी देवसिंगला म्हणालो, पोरीला परत येऊ द्यायचं नसेल तर काय करायचं? मी ठीक आहे म्हटलं तर तिला पटत नाही.

तो म्हणाला, “साहेब, गाडीत बिघाड हाये असं ड्रायव्हरनं खरं खरं लिहून देल्लं, तर तुमी काय करत होते?”

“बघत होतो, तेवढ्या बिघाडात ती चालते का.”

“अन् जो नुसतं ओके लिहित जाय?”

त्याची गाडी मी सोडत नव्हतो. हे त्याला माहीत आहे, कारण मी त्याचीच एकदा अडवली होती.

१० फेब्रुवारी

शोभाताईंकडे गेलो. त्या उठून उभ्या राहिल्या. “साहेब, मला माफ करा,” म्हणाल्या. मी म्हणालो, बसा आणि टाइप करा, मी सांगतो तेवढंच, वर-खाली काही जोडायचं नाही. पुढे सांगितलं ते आठवतं तसं इथं उतरवतो.

दीपा, तुझी आई गेल्यापासून मला घरात करमत नाही. स्वयंपाक एकट्यासाठी करावासा वाटत नाही, म्हणून तीन दिवसांचं वरण एकदम करतो. दुपारी माझ्याच आवाजात स्वतःशी बोलतो, मग ओशाळतो. तुझी मादी गप्प झाली तेव्हा मी रडलो. ती परत आली नाही, हे मला अजून सहन होत नाही. तू येणार म्हणालीस त्या दिवशी मी इतका खूश झालो की तुझं कपाट आवरलं. तू यावंस असं मला वाटतं. तरी येऊ नकोस. असं एकटं राहणं जड जातं, पण जमतं. देवसिंग आहे, रामीबाई आहे. यापुढे मी रोज खरं कळवीन. एखाद्या दिवशी वाचायला बरं वाटणार नाही. तेव्हा घाबरून जहाज शोधायचं नाही. कळवतोय म्हणजे मी आहे.

शोभाताईंची बोटं मध्ये दोनदा थांबली. मी भिंतीवरच्या जुन्या टायपिंगच्या तक्त्याकडे पाहत राहिलो. माझे गाल ओले झाले होते आणि दुकानात अजून दोघंजण होते, पण आता लपवून काय उपयोग?

१३ फेब्रुवारी

मेल आली. एकच ओळ. “बाबा, यादीतून नाव काढलं. थांबते.”

घरी येऊन पलंगावर बसलो. हेच मागितलं होतं. दिवसभर उठवलं नाही. रामीबाईनं भाजी आणली, मी सांगितलं, आज जेवावंसं वाटत नाही, तसंच कळवा. तिनं वाटी ठेवली आणि शेजारी भिंतीला टेकून बसली.

५ मार्च

जहाज आज गेलं. ऑगस्टपर्यंत तिथं दुसरं नाही. आता ती म्हणाली तरी येऊ शकत नाही, मी म्हणालो तरी नाही. सकाळपासून घरात मला काही सुचलं नाही. कपाटाचं दार दोनदा उघडून बंद केलं.

दुपारी फोन वाजला, आणि एका घंटीवर थांबला नाही.

“बाबा.”

“बोल.”

“जहाज आत्ता दिसेनासं झालं.”

मी म्हणालो, मलाही आज फार एकटं वाटतंय. आता असं बोलायला तोंड वळतं. बोलणं उशिरा पोचतं म्हणून थांबलो. मग आणखी थांबलो. वारा ऐकू येत होता आणि त्यात हुंदका.

“बाबा, आल्यापासून मी इथं मराठीत कोणाशीच बोलली नाही. किनाऱ्यावर माद्या पडून असतात ना, त्याहिच्याजवळ जाऊन बसते. त्याहिले आईच्या गोष्टी सांगत राह्यते. रोज. कोणाले सांगू? तुम्हाले सांगितलं तर तुम्हाले त्रास होईल वाटे.”

माझी सावरलेली पोर. सात महिने त्या वाऱ्यात बसून जनावरांना आई सांगत होती, आणि मी इकडे तिला त्रास नको म्हणून गप्प होतो. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

“मलेही सांग,” मी म्हणालो.

“काय?”

“आईचं. त्याहिले सांगतं ते मलेही सांग.”

तिनं नाक ओढलं. मग म्हणाली, “बाबा, तुमची रात्रपाळी असली की आई काय करे माहीत हाये का?” मला माहीत नव्हतं. मी खुर्ची ओढली आणि ऐकायला बसलो.